सत्तेचाळीस नंबरचं गवत

आमागेर, १८ सप्टेंबर १९९४

प्रिय क्रेस्टेन,

मारेनचा मुरांबा पोचला. एक बरणी संपलीही, तिला सांग. आता कामाचं विचारते. तू जन्मभर शेती केलीस, तर मला एवढं सांग की कावळे कसे हाकलायचे.

तुझ्या भावाला, माझ्या व्हिगोला, जाऊन सहा महिने झाले, आणि त्याच्या हिरवळीची कावळ्यांनी पार दैना केली आहे. रोज सकाळी पंधरा-वीस राखी कावळे उतरतात, गवत मुळासकट उपटतात आणि बाजूला फेकतात, जसं काही मीच त्यांना मजुरीवर लावलंय. मी काठीला व्हिगोची जुनी टोपी अडकवून पाहिली. चकचकीत कागदाच्या पट्ट्या बांधल्या. पातेलं बडवलं. शेजारची केटी म्हणाली, कावळे परवडले, तू नको.

काल आमच्या बागांच्या मंडळाची तपासणीची फेरी झाली. आमचे अध्यक्ष आस्गर थुरा पूर्वी बसमध्ये तिकिटं तपासायचे आणि अजूनही तसेच चालतात. प्रत्येक फाटकाशी थांबायचं, वही काढायची, माणसाकडे न बघता लिहायचं. त्यांनी मला पहिली नोटीस दिली: ‘बाग क्रमांक ४७, हिरवळीकडे दुर्लक्ष.’ तीन नोटिसा झाल्या की बाग काढून घेतात आणि बागेसाठी थांबलेल्यांच्या यादीतल्या पुढच्या माणसाला देतात. यादीत दोनशे जण आहेत. व्हिगो असताना एकतीस वर्षांत एकही नोटीस आली नव्हती.

तू माझी शहरातली खोली पाहिली आहेस. एप्रिल ते ऑक्टोबर मी इथे बागेतल्या लाकडी घरातच असते, म्हणून तिथला हिवाळा निभतो. बाग गेली तर मी कुठे राहीन ते मला ठाऊक आहे. कशी राहीन, ते माहीत नाही.

म्हणून कावळ्यांचं लवकर कळव.

तुझी,
एलिनोर


मोर्स, २३ सप्टेंबर १९९४

प्रिय वहिनी,

चोर घरात बसलाय आणि तू पोलिसाला पातेलं दाखवतेस.

कावळा हौस म्हणून खणत नाही. त्याला खाली जेवण दिसतंय. फावडं घे. हिरवळीत फावड्याच्या रुंदीचा एक चौकोन चारी बाजूंनी काप आणि उचल. मुळं घट्ट असतील तर उचलताना कंबर दुखेल. सतरंजीसारखा अलगद वर आला तर समज, खाली हुमणी आहे. पांढऱ्या अळ्या, तपकिरी डोक्याच्या, अंगाचं वेटोळं करून पडलेल्या. मोज आणि कळव.

दुसरं. मारेन आणि मी बोललो. आमची माडीवरची खोली मुलगी वेगळी राहायला गेल्यापासून रिकामी आहे. बाग हे दोन माणसांचं काम असतं. नोटिशीची वाट बघत बसण्यापेक्षा तू स्वतःच सोडलेली काय वाईट? विचार कर.

क्रेस्टेन


आमागेर, २९ सप्टेंबर १९९४

प्रिय क्रेस्टेन,

अलगद वर आला.

एका चौकोनात चौतीस. मी दोनदा मोजल्या, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. मुळं उरलीच नव्हती. वरून गवत आणि खाली भुसभुशीत माती, मध्ये काही नाही. इतके दिवस मी पायाखाली काय घेऊन चालत होते! मी काठीवरची टोपी काढून घरात खुंटीला परत लावली आणि बाजूला झाले. दहा मिनिटांत कावळे आले. त्यांनी माझ्यावर राग धरला नाही.

केटीने एक डबा आणून दिला. तिचा नवरा सीमेपलीकडे जर्मनीत बिअर आणायला गेला तेव्हा त्याने आणलेली किडे मारायची भुकटी. म्हणाली, संध्याकाळी टाक, सकाळी सगळं मेलेलं, आणि आस्गरला कळायचंही नाही. मंडळात विषाला बंदी आहे, हे तर झालंच. पण मी सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईघरात क्लोरीन हुंगलं आहे. ‘सगळं मेलेलं’ म्हणजे त्यात कोण कोण असतं ते मला कळतं. माझ्या कुंपणाखाली ओंजळीएवढा एक काटेरी साळू राहतो, तोही याच अळ्या खातो. डबा मी परत दिला. केटी रागावली नाही, पण ‘बघ बाई’ म्हणाली.

मी वाचनालयातून किड्यांवरची तीन पुस्तकं आणली आहेत. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, त्यामुळे लॅटिन नावं मी सोडून देते. बाकीचं समजतं.

खोलीबद्दल तुमचे दोघांचे आभार. नको.

एलिनोर


मोर्स, ५ ऑक्टोबर १९९४

प्रिय वहिनी,

‘नको’ हे तू लहान अक्षरात लिहिलंस, तरी वाचता आलं.

मग कामाचं ऐक. जिथे जिथे गवत सुटलंय तिथे ते गुंडाळी करून बाजूला ठेव. खालची माती उघडी सोड. सकाळची पाळी कावळ्यांची, दुपारी तू गुडघ्यावर बसून उरलेल्या वेच. मग गवत परत पसर, पायाने दाब आणि भरपूर पाणी घाल. तुमच्याकडे ऑक्टोबरअखेर नळ बंद करतात ना, त्याच्या आत उरक. थंडी वाढली की अळ्या खोल जातात, मग कावळाही हात टेकतो. एप्रिलमध्ये नवं बी टाक.

गुडघ्याखाली काहीतरी घे. तू आता चाळिशीची नाहीस.

क्रेस्टेन


आमागेर, २३ ऑक्टोबर १९९४

प्रिय क्रेस्टेन,

झालं. दोन आठवडे लागले. गुडघ्याखाली व्हिगोची होडीतली गादी घेतली होती. मी वेचलेल्या अळ्याच दोन बादल्या भरल्या, कावळ्यांनी किती खाल्ल्या ते त्यांनाच माहीत. परवा नळ बंद होतील आणि मी शहरात जाईन.

पण मला दुसरंच सांगायचं आहे. तिन्ही पुस्तकांत एक गोष्ट आहे. या हुमणीचा भुंगेरा जूनमध्ये उडतो, तीन-चार आठवडेच. मादी अंडी घालायला जागा शोधते, आणि तिला आखूड कापलेलं, ऊन पोचणारं गवत आवडतं. उंच दाट गवतात ती सहसा उतरत नाही.

आता जूनमध्ये आमच्याकडे काय असतं? तेवीस तारखेच्या रात्रीची सेंट हान्सची शेकोटी, आणि तिच्या आदल्या शनिवारी मंडळाची फेरी. त्या फेरीसाठी एकशे बारा बागांतली माणसं पंधरा दिवस आधीपासून गवत कातडीपर्यंत भादरतात. गवत बोटाच्या पेरापेक्षा उंच दिसलं तर वहीत नाव. व्हिगो तर आठवड्यातून दोनदा कापायचा. त्याला हिरवळीचा चषक मिळालेला तुला माहीत आहे, तुलाच त्याने फोटो पाठवला होता. म्हणजे आपण दरवर्षी टेबल मांडून, चादर अंथरून या भुंगेऱ्यांना जेवायला बोलावत होतो, आणि सप्टेंबरमध्ये कावळ्यांना शिव्या घालत होतो.

काल अवजारांची खोली आवरताना मागच्या फळीवर गवताच्या बियांची रिकामी पाकिटं सापडली. नीट घडी केलेली. अकरा. पाच वर्षांपासूनची. तो शरदात पहाटे उठून बाहेर जायचा. मी समजत होते, म्हाताऱ्याला झोप लागत नाही. तो टक्कल पडलेले ठिपके भरत होता, मी उठायच्या आत.

मी तिथे पिंपावर थोडा वेळ बसले. मग पाकिटं परत ठेवली.

येत्या जूनमध्ये मी गवत कापणार नाही.

एलिनोर


मोर्स, ४ नोव्हेंबर १९९४

प्रिय वहिनी,

पुस्तकं कुणीही लिहितं. व्हिगोची हिरवळ त्या बागांत पहिली होती, ती कापल्यामुळे. न कापलेल्या हिरवळीला आमच्याकडे कुरण म्हणतात आणि त्यावर गाई सोडतात.

दुसरी नोटीस हवी असेल तर ती मागण्याचा हा चांगला मार्ग आहे. खोली आहे.

क्रेस्टेन


आमागेर, १८ जून १९९५

प्रिय क्रेस्टेन,

नाताळच्या कार्डाखेरीज आपलं लिहिणं झालं नाही. माझ्याकडेही लिहिण्यासारखं नव्हतं. एप्रिलमध्ये बी टाकलं, ते छान उगवलं. आज गवत माझ्या पोटरीला लागतं. वारा आला की लवतं. माझ्या वयाच्या बाईने यात आनंद मानावा की नाही ठाऊक नाही, पण मी मानते.

भुंगेरे आले आहेत. हिरवट डोकं, तपकिरी पंख, करंगळीच्या नखाएवढे. सकाळी ऊन तापलं की केटीच्या हिरवळीवर घोट्याच्या उंचीवर नुसते घोंघावतात. केटीची काल कापलेली आहे, टेबलासारखी. माझ्या कुंपणाशी येतात आणि वळतात. मी कॉफीचा पेला घेऊन पायरीवर बसते आणि बघते. एक दिवस मोजायचा प्रयत्न केला, पण तिच्याकडचे मोजता येत नाहीत आणि माझ्याकडचे मोजायला फारसे नाहीत.

काल फेरी झाली. आस्गर फाटकाशी थांबले आणि या वेळी वही उघडायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “एलिनोर, व्हिगो असता तर ही वेळ आली नसती.”

मी म्हटलं, “व्हिगो असता तर मी त्यालाही हेच सांगितलं असतं. आणि त्याने ऐकलं नसतं.”

मग मी त्यांना भुंगेऱ्यांचं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, नियमात भुंगेरे नाहीत, गवत आहे. दुसरी नोटीस माझ्या हातात ठेवली आणि टोपीला हात लावून पुढे गेले. तिसरी सप्टेंबरच्या फेरीत येऊ शकते. म्हणजे माझ्याकडे तीन महिने आहेत.

सेंट हान्सला तू आणि मारेन या. नवे बटाटे निघालेत, स्ट्रॉबेरी लाल झाल्यात. गवताबद्दल मात्र बोलायचं नाही.

एलिनोर


मोर्स, २ जुलै १९९५

वहिनी,

मी गवताबद्दल बोललो नाही. मी गवत कापायचं यंत्र बाहेर काढलं.

मारेन म्हणते, माफी माग. मी सांगतो ते आधी ऐक. तू आत बटाटे खरवडत होतीस. मी बाहेर उभा होतो, आणि माझ्या भावाची हिरवळ ओसाड कुरणासारखी समोर होती, आणि एक नोटीस उरली होती. मला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलंय आणि कुणीतरी काहीतरी केलं पाहिजे. फाटकापासून झेंड्याच्या खांबापर्यंत एकच फेरी झाली. तेवढ्यात तू ओला ॲप्रन घालून आलीस आणि यंत्रावर बसलीस. ओरडली असतीस तर मी ओरडलो असतो आणि संपलं असतं. आम्ही त्याच संध्याकाळच्या गाडीने निघालो, शेकोटी न बघता.

मी वाईट हेतूने केलं नाही. बाग गेली तर तुझी तूच जबाबदार. खोली मात्र आहे, ते मी मागे घेत नाही.

क्रेस्टेन


आमागेर, २० ऑगस्ट १९९५

प्रिय क्रेस्टेन,

मी सात आठवडे उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं आणि भांडायचं नव्हतं. आता सांगण्यासारखं आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात भुंगेरे संपले, आणि मी गवत कापायला घेतलं. एकदम नाही. आधी विळ्याने अर्धं, मग यंत्र उंचावर लावून, मग थोडं खाली. आता ते मखमल नाही, पण हिरवळ आहे. तुझा पट्टा मात्र वेगळा कळतो, फाटकापासून खांबापर्यंत, सरळ. तू नांगर सरळ धरायचास असं व्हिगो म्हणायचा.

काल मी फावडं घेतलं. एक चौकोन तुझ्या पट्ट्यात कापला आणि एक तिथून दोन पावलांवर, जिथे जूनमध्ये गवत उंच होतं.

तुझ्या पट्ट्यात एकोणतीस.

दोन पावलांवर दोन.

मी आणखी दोन ठिकाणी कापून पाहिलं, कारण एकदाचं खरं मानू नये असं पुस्तकात आहे. पट्ट्यात सव्वीस आणि तेहतीस. बाहेर एक, आणि एकही नाही. तीच माती, तेच ऊन, तेच बी. फरक फक्त तुझा.

मी चिडून लिहीत नाही. सगळंच उंच ठेवलं असतं तर आस्गर म्हणाले असते, यंदा नशीब चांगलं. आता कुणाला तसं म्हणता येणार नाही. मी तुझी ऋणी आहे आणि हे लिहायला मला काही जड जात नाही.

एलिनोर


मोर्स, २७ ऑगस्ट १९९५

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी जेवताना वाचलं आणि जेवण टाकून फावडं काढलं. आमच्या घरापुढची हिरवळ तुला माहीत आहे, मी ती जूनमध्ये तासून ठेवतो. मारेनने बादली धरली. एका चौकोनात एकेचाळीस. दुसऱ्यात मी मोजायचंच सोडलं.

पन्नास वर्षं मी शेतातल्या हुमणीशी लढलो आणि स्वतःच्या दारात तिला पोसत होतो.

माडीवरच्या खोलीत मारेन आता शिवणयंत्र ठेवणार आहे. मीच तसं सांगितलं.

तुझं पुस्तक वाईट नाही. मारेन म्हणते, एवढं कौतुक मी आमच्या लग्नातही केलं नव्हतं.

यंत्राबद्दल माफ कर.

क्रेस्टेन


आमागेर, ८ ऑक्टोबर १९९५

प्रिय क्रेस्टेन,

बैस, आणि मारेनलाही बसव. हे सावकाश सांगणार आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला कावळे आले. यंदा कधी नव्हे एवढे. केटीची हिरवळ चार दिवसांत गेली. मग पन्नास नंबर, मग पुढची गल्ली. दुसऱ्या शनिवारपर्यंत असं झालं की बागांच्या रस्त्याने चालताना दोन्हीकडे नांगरलेली जमीन. माणसं पट्ट्या बांधत होती, डबे वाजवत होती. मी कुणाला काही म्हटलं नाही. मागच्या वर्षी मीही तेच केलं होतं.

माझ्याकडे कावळे आले, एका ओळीत उतरले, तुझा पट्टा फाटकापासून खांबापर्यंत उकरला, आणि उडून गेले. बाकी हिरवळीला चोच लावली नाही. केटी कुंपणावरून बघत राहिली. म्हणाली, “यांना तू काय शिकवलंस गं?”

सोळा तारखेला फेरी आली. आस्गरचा चेहरा उतरला होता. त्यांची स्वतःची बाग तीन नंबर, अगदी मोठ्या फाटकाशी, सगळ्यांना दिसेल अशी. तिथे गवताचं एक पातं शिल्लक नव्हतं. त्यांच्या वहीत त्या दिवशी एकूण पंचाऐंशी नावं झाली, आणि पंचाऐंशी नोटिसा कुणी देत नाही.

माझ्या फाटकाशी ते थांबले. वही उघडली. हिरवळ बघितली, मग तो पट्टा बघितला.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“ही माझ्या दिराने सेंट हान्सला कापलेली जागा,” मी म्हटलं. “बाकीची मी कापली नव्हती. तिच्यावर तुम्ही नोटीस दिलीत.”

त्यांनी वही खिशात ठेवली आणि आत यायची परवानगी मागितली. इतक्या वर्षांत हा माणूस फाटकाच्या आत आला नव्हता, व्हिगोला चषक दिला तोही फाटकावरून. मी त्यांना फावडं दिलं. पट्ट्यात कावळ्यांनी सोडलेला एक चौकोन त्यांनी स्वतः उचलला, खाली अळ्याच अळ्या, मग दोन पावलांवरचा. तो दुसरा उचलताना त्यांना दम लागला, मुळं सोडत नव्हती. त्यांनी गुडघे टेकले, चष्मा पुसला आणि माती बोटांनी चाळली. काही सापडलं नाही. मग म्हणाले, “मी बावीस वर्षं लोकांना गवत कापायला लावतोय.”

मी त्यांना कॉफी दिली. दुसरं काय करणार?

त्या आठवड्यात हवा उबदार होती, माती अजून तेरा अंशांवर. पुस्तकात आणखी एक उपाय होता, ज्यांच्याकडे अळ्या आधीच आहेत त्यांच्यासाठी. डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी बागसामानाच्या दुकानात पाकिटात मिळतात, पाण्यात कालवून ओतायचे, ते अळीच्या अंगात शिरून तिला आतून संपवतात. साळूला नाही, पक्ष्याला नाही, फक्त अळीला. मात्र ऊन लागलं तर ते मरतात, आणि माती फार गार नको, ओली हवी. मी आस्गरना सांगितलं. त्यांनी मंडळाच्या खर्चाने पाकिटं मागवली आणि फलकावर सूचना लावली: ‘गुरुवारी सहा वाजता सर्वांनी झारीसह हजर राहावे. एलिनोर सांगतील तसे करावे.’

गुरुवारी पाऊस भुरभुरत होता, मला हवा तसा. ऐंशी-नव्वद माणसं रेनकोट घालून, झाऱ्या घेऊन उभी. मी धुलाईघरात चाळीस बायकांची पाळी सांभाळली आहे, मला आवाज चढवावा लागत नाही. आधी माती भिजवा, मग ओता, मग परत भिजवा, दोन आठवडे सुकू देऊ नका. केटीचा नवरा म्हणाला, आमच्याकडे एक डबा आहे, एका रात्रीत काम करतो. केटीनेच त्याला गप्प केलं.

तीन नंबरला आस्गर आपली झारी घेऊन मागे मागे चालत ओतत होते, आणि दर दोन पावलांनी माझ्याकडे बघत होते, बरोबर चाललंय ना म्हणून. त्या वेळी मला व्हिगोला हाक मारावीशी वाटली. मारली नाही. पण तो असता तर त्याने अकरा पाकिटांची गोष्ट मला त्या दिवशी नक्की सांगितली असती, आणि मी त्याला रागावले नसते.

काल बागा बंद होण्याआधीची सभा झाली. विषय एकच. नियम बदलायचा: एक जून ते तीस जून गवत कापायचं नाही, फेरी जुलैअखेर. लोक तासभर बोलले. एकाने विचारलं, परके लोक रस्त्याने जाताना काय म्हणतील? मी उठून सांगितलं, जूनमध्ये काय म्हणतील ते मला माहीत नाही, सप्टेंबरमध्ये तुमच्याकडे बघून काय म्हणाले ते मी ऐकलंय. हसले सगळे. मग हात वर झाले. बाजूने त्र्याहत्तर, विरुद्ध नऊ. माझ्या दोन्ही नोटिसा रद्द झाल्या, तेही टाळ्या वाजवून. मला मंडळावर घेतलं आहे. मी आधी नाही म्हणणार होते, मग हो म्हटलं.

सभा संपल्यावर आस्गर इतिवृत्ताची वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, ठराव लिहिला, पण इथे कारणासाठी एक ओळ आहे. काय लिहू?

“लिहा,” मी म्हटलं, “सत्तेचाळीस नंबरची एलिनोर म्हणाली म्हणून.”

“असं लिहिण्याची पद्धत नाही.”

“जूनमध्ये गवत ठेवण्याचीही नव्हती.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेनाचं टोपण काढलं आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात तसंच लिहिलं. मी चष्मा लावून वाचलं, आणि खाली सही केली.

तुझी,
एलिनोर